डाव कधी सोडायचा? आधी ओव्हर मोजा, मग रन

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुमच्या गावच्या संघाचा दोन दिवसांचा सामना होता, दिवसाला ९० षटकं. पहिल्या डावात तुम्ही ६२ षटकांत २१२, समोरचे ४७ षटकांत १४८. म्हणजे ६४ची आघाडी. दुसऱ्या डावात ३८ षटकांत ६ बाद १३९ झाल्यावर तुम्ही डाव सोडला, म्हणजे गडी शिल्लक असतानाच आपली फलंदाजी थांबवली. त्यांना २७ षटकांत २०४ हवे होते. ते ८ बाद ९१वर सुटले आणि सामना ड्रॉ झाला. आता टीममधली पोरं म्हणतात कॅप्टन घाबरला. पारावरची मंडळी म्हणतात, हरला तर नाही ना, बरं केलं. आणि तुम्ही विचारता की टेस्टमध्येही दर वेळी हाच वाद होतो, अमका कर्णधार आक्रमक, तमका बचावात्मक. तर डाव सोडायची वेळ नेमकी ठरवायची कशी?

माझ्याबद्दल इतकंच की सहा हंगाम जिल्ह्याच्या संघाचा कॅप्टन होतो आणि त्यानंतर बावीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून काढली. टेस्ट खेळलो नाही. पण दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे सामने पुष्कळ खेळलो आणि खेळवले. डाव लवकर सोडून हरलो आहे, उशिरा सोडून हात चोळत बसलो आहे. टेस्टचा हिशेब मोठा असला तरी जात तीच.

घाबरला की नाही हा वाद आधी बाजूला ठेवू. तुमची चूक भीतीची नव्हतीच, मोजणीची होती. तुम्ही लिहिलंय, "दोनशेच्या वर लीड झाली की सोडायचं असं मनात धरलं होतं." इथंच गाडी रुळावरून उतरली. जिंकायला दहा विकेट लागतात आणि विकेटा धावांनी पडत नाहीत, चेंडूंनी पडतात. म्हणून पहिला प्रश्न हा की या पिचवर, या फलंदाजांना, माझ्या या गोलंदाजांना दहा विकेट काढायला किती षटकं लागतील? ते ठरलं की उलटं मोजत यायचं. धावा किती हव्यात हा प्रश्न त्यानंतरचा.

तुमचेच आकडे घ्या. पहिल्या डावात त्यांना गुंडाळायला ४७ षटकं लागली, म्हणजे एका विकेटला साधारण २८ चेंडू. शेवटी तुमच्याकडे उरली २७ षटकं, म्हणजे १६२ चेंडू. या हिशेबाने पाच-सहा विकेट पडायला हव्या होत्या. तुमच्या पोरांनी आठ काढल्या! गोलंदाजांनी उधारीपेक्षा जास्त परत केलं, तरी पुरलं नाही, कारण मुद्दलच कमी दिलं होतं.

तुम्ही असंही लिहिलंय की २८व्या षटकाला तुमच्या ९५ धावा झाल्या होत्या. मी असतो तर तिथंच हात वर केला असता. मग त्यांच्यासमोर ३७ षटकांत १६० आले असते. पहिल्या डावात ४७ षटकांत १४८ करून जे सगळे बाद झाले, त्यांना ३७ षटकांत १६० सोपे नाहीत. पण अशक्यही वाटले नसते, आणि ते तसं वाटणंच महत्त्वाचं होतं. पुढच्या दहा षटकांत तुम्ही ४४ धावा जोडल्या. त्या ४४ धावांनी तुम्हाला काय दिलं? लक्ष्य ओव्हरला साडेसातच्या वर नेलं. त्यांच्या कॅप्टनने तेव्हाच पोरांना सांगितलं असणार की आता बॅट पॅडला चिकटवून उभे राहा. ज्याच्या मनात जिंकायची आशा आहे तो बॅट फिरवतो, कट मारतो, पुढे येऊन चुकतो. आशा गेलेला माणूस फक्त थोपवतो. पिचमध्ये जीव नसेल तर थोपवणाऱ्याला काढणं हे जगातलं कंटाळवाणं काम आहे.

टेस्टमध्ये हे सर्वात चांगलं दाखवलं इंग्लंडचा कॅप्टन बेन स्टोक्सने, डिसेंबर २०२२ मध्ये रावळपिंडीला. पाटा पिच, म्हणजे गोलंदाजाला काहीच मदत नाही. पहिल्या डावात इंग्लंड ६५७, पाकिस्तान ५७९. असल्या पिचवर कोणताही शहाणा कॅप्टन साडेचारशेच्या गोष्टी करेल. स्टोक्सने चौथ्या दिवशी चहापानाला ७ बाद २६४वर डाव सोडून ३४३चं लक्ष्य दिलं. पाकिस्तान खेळत राहिलं, कारण सामना त्यांच्याही हातात होता. पाचव्या दिवशी उजेड जाता जाता २६८वर सगळे बाद झाले, इंग्लंड ७४ धावांनी जिंकलं. लोक याला धाडस म्हणतात. मला त्यात हिशेब जास्त दिसतो. त्याला माहीत होतं की या मातीत दहा विकेट काढायला चार सत्रं लागतील, आणि फलंदाज खेळायला निघाले तरच पडतील.

पण लगेच उलटी बाजू सांगतो, नाहीतर पुढच्या रविवारी तुम्ही ८० धावांचं लक्ष्य देऊन माझं नाव घ्याल.

१९६८ची पोर्ट ऑफ स्पेनची टेस्ट. वेस्ट इंडिजचा कॅप्टन सर गॅरी सोबर्स. पहिल्या डावात वेस्ट इंडिजने ७ बाद ५२६वर डाव सोडला, इंग्लंड ४०४. दुसऱ्या डावात सोबर्सने फक्त २ बाद ९२वर डाव सोडून इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ दिले. इंग्लंडने तीन मिनिटं राखून सात विकेटनी सामना घेतला आणि त्या एका सामन्यावर मालिकाही. सोबर्सला बेटावरच्या लोकांनी कित्येक वर्षं माफ केलं नाही. आता त्याच्या हिशेबात कच्चं काय होतं बघा. पहिल्या डावात बेसिल बुचर या कामचलाऊ लेगस्पिनरने ३४ धावांत ५ बळी घेतले होते. एकदा घडलं म्हणजे पुन्हा घडेल, असं धरलं. आणि चार्ली ग्रिफिथ दुखापतीमुळे गोलंदाजीला नव्हता. म्हणजे षटकं मोजली, पण ती टाकणार कोण हे मोजलं नाही.

हसू नका, पण हेच मी केलंय. आमच्याकडे एक डावखुरा स्पिनर होता, चेंडू असा फिरवायचा की बघत राहावं. त्याच्याकडे चार म्हशी होत्या. एका सामन्यात मी मोठ्या तोऱ्यात ३५ षटकं हातात ठेवून डाव सोडला, याच्या भरवशावर. पाच वाजायला आले तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. शेवटी येऊन म्हणतो, "भाऊ, दोन ओवर अजून टाकतो, मंग जातो. म्हशी खोळंबल्या असन." म्हशी कॅप्टनचं ऐकत नाहीत. आम्ही तीन विकेटनी हरलो. तेव्हापासून डाव सोडायच्या आधी मी कागदावर नावं लिहायला लागलो: कोण किती षटकं टाकेल, कोणाचा खांदा दुखतोय, नवा चेंडू कोणाकडे, जुना कोणाकडे, आणि कोण पाचला घरी जाणार. टेस्टमध्ये म्हशी नसतात, पण पाठ आखडलेला फास्ट बॉलर असतोच. आदल्या डावात ३५-४० षटकं टाकलेल्या गोलंदाजाला लगेच पुन्हा धावायला लावायचं की फलंदाजी लांबवून त्याला दोन सत्रं झोपू द्यायचं? फॉलोऑन देण्याचा, म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्याचा प्रश्नही यातलाच. पाच दिवसांच्या सामन्यात २०० धावांची आघाडी असली की फॉलोऑन देता येतो. २००१ला कोलकात्यात ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉने २७४च्या आघाडीवर तो दिला. पुढे लक्ष्मण २८१, भारत ७ बाद ६५७, आणि दमलेल्या ऑस्ट्रेलियाला चौथ्या डावात ३८४ हवे असताना ते २१२वर गारद झाले. त्यानंतर फॉलोऑन देताना कॅप्टन दहादा विचार करू लागले.

टेस्टमधली षटकांची मोजणी अशी. दिवसाला किमान ९०, सत्राला साधारण ३०. नवा चेंडू ८० षटकांनंतर मिळतो. म्हणून मी कोणतीही टेस्ट बघताना एकच पाहतो: कॅप्टनने असा डाव सोडलाय का, की दुसरा नवा चेंडू हातात आल्यावर निदान पंधरा-वीस षटकं उरतील? म्हणजे साधारण १०० षटकं. पिच फुटलं असेल, चेंडू वळत असेल, तर ८० पुरतात. सिमेंटसारखं असेल तर ११०-१२० सुद्धा कमी पडतात. ८५ षटकं हातात ठेवून डाव सोडणारा मला कधीच पटत नाही. नवा चेंडू मिळेस्तोवर पाचच षटकं उरतात, मग काय उपयोग?

दुसरं, संध्याकाळ. दिवसभर उन्हात फिल्डिंग केलेल्या सलामीवीरांना शेवटची दहा-बारा षटकं पॅड बांधून यायला लावणं ही जुनी आणि चांगली चाल. त्यांचे पाय जड असतात, उजेड कमी झालेला असतो, आणि त्यांना मिळवण्यासारखं काही नसतं, फक्त गमावण्यासारखं. रात्रीच्या झोपेनंतर तोच चेंडू सकाळीही बऱ्यापैकी नवा असतो. तिसरं, डाव बदलायला दहा मिनिटं जातात, म्हणजे दोन-अडीच षटकं. उपाहाराला किंवा चहाला डाव सोडला तर ती दहा मिनिटं सुट्टीतच निघून जातात. टेस्टचे कॅप्टन इतक्या वेळा चहाच्या ठोक्याला डाव का सोडतात, याचं हे एक साधं कारण आहे.

रोलरचंही बघा. दिवसाचा खेळ सुरू व्हायच्या आधी पिचवर सात मिनिटांपर्यंत रोलर फिरवून घेता येतो, आणि तो हक्क फलंदाजी करणाऱ्या संघाचा. १९४८ला लीड्सला इंग्लंडचा कॅप्टन नॉर्मन यार्डली शेवटच्या दिवशी सकाळी दोनच षटकं खेळला, तीन धावा काढल्या आणि ८ बाद ३६५वर डाव सोडला. दोन षटकं कशासाठी? जड रोलर आपल्या मर्जीने फिरवून घेता यावा आणि पिच आणखी फुटावं म्हणून. हुशारी उत्तम होती. पण समोर ब्रॅडमन होता. मॉरिस १८२, ब्रॅडमन नाबाद १७३, ऑस्ट्रेलियाने ३ बाद ४०४ करून सामना नेला. आपल्याकडे रोलर म्हणजे ग्रामपंचायतीचा रस्त्याचा रूळ, तोही मिळाला तर. त्यामुळे हा भाग तुमच्या कामाचा नाही, पण गोष्ट चांगली आहे म्हणून सांगितली.

आता जे परिस्थितीवर आहे ते कबूल करतो.

आपल्याकडे मृगाच्या आधी धूळपेरणी करणारे असतात. कोरड्या मातीत सरकी टोबून मोकळे होतात. पाऊस वेळेवर आला तर त्यांचं पीक पंधरा दिवस पुढे. नाही आला तर दुबार पेरणी. म्हणून त्याला कोणी शूर म्हणत नाही आणि ओल बघून पेरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. विहीर कोणाकडे आहे, दुसऱ्यांदा बियाणं आणायची ऐपत कोणाची आहे, ते बघून गाव समजून घेतं. कॅप्टनचंही असंच बघायला हवं. २००१ला लीड्सलाच ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टने ४ बाद १७६वर डाव सोडून इंग्लंडला ३१५ दिले. मार्क बुचरने नाबाद १७३ ठोकून सामना जिंकून दिला. गिलख्रिस्टवर टीका झाली, पण ऑस्ट्रेलिया मालिकेत ३-० पुढे होती. त्याच्या वावरात विहीर होती. एक पेरणी वाया गेली तर गेली.

याच्या बरोब्बर उलट, शुभमन गिलचं जुलै २०२५चं इंग्लंडमधलं एजबॅस्टन. दुसऱ्या डावात ६ बाद ४२७ होईपर्यंत खेळला, ६०८चं लक्ष्य दिलं. चौथ्या दिवशी सगळे ओरडत होते, किती धावा हव्यात बाबा, पाऊस येतोय. मीही घरात टीव्हीसमोर ओरडत होतो. पण त्याच्या जागी बसून बघा. आधीच्याच टेस्टमध्ये इंग्लंडने ३७१ काढले होते. याच एजबॅस्टनवर २०२२ला भारताविरुद्ध ३ बाद ३७८. मालिकेत ०-१ मागे. त्याला आधी समोरच्याचं दार बंद करायचं होतं. आणि षटकं? चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने इंग्लंडच्या तीन विकेट काढल्याच. पाचव्या दिवशी पावसाने थोडा वेळ खाल्ला तरी इंग्लंड २७१वर सगळे बाद, भारत ३३६ धावांनी जिंकला. सामन्यात एकट्या आकाश दीपच्या दहा विकेट. मी ओरडत होतो ते चूक होतं असं अजूनही मानत नाही, अर्धा तास आधी सोडायला हवा होता. पण त्याला भित्रा म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा. पिच, विरोधक, मालिका आणि मागचा मार, चारही गोष्टी त्याच्या हिशेबात होत्या.

गुणांचंही आहे. वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपमध्ये जिंकलं तर १२, ड्रॉला ४. म्हणजे ड्रॉ हा विजयाच्या एक तृतीयांश. हरण्याचा धोका घेऊन जिंकायची शक्यता वाढत असेल तर या गुणपद्धतीत धोका घेणं बऱ्याचदा परवडतं. पण आपली पोरं वाढतात रणजीच्या हवेत. तिथं ड्रॉमध्ये पहिल्या डावाची आघाडी घेतली की ३ गुण, न घेणाऱ्याला १. बाद फेरीत तर आघाडी म्हणजे विजयच. २०२५च्या रणजी फायनलला नागपूरला आपल्या विदर्भाने ३७९, केरळने ३४२ केल्या. ३७ची आघाडी हातात आल्यावर अक्षय वाडकरच्या संघाने शेवटच्या दिवशी डाव सोडला नाही, ९ बाद ३७५पर्यंत खेळत राहिले आणि ट्रॉफी घेऊन घरी आले. त्याला कोणी बचावात्मक म्हणेल तर म्हणो, मी त्या दिवशी पेढे वाटले. नियमच तसा होता. तुमच्या स्पर्धेत आघाडीला गुण होते का, हे तुम्ही लिहिलं नाही. असतील तर पारावरची मंडळी बरोबर आहेत आणि माझा वरचा सगळा पाढा तुमच्या त्या सामन्यापुरता गैरलागू. नसतील तर पोरांची हळहळ बरोबर आहे, घाबरल्याचा आरोप तेवढा सोडून.

'बचावात्मक' हा शब्दच मला खटकतो. त्याचं कारण आपल्या जामठ्यात, नागपूरच्या स्टेडियमवर आहे. नोव्हेंबर २००८, भारत-ऑस्ट्रेलिया, त्या मैदानावरची पहिली टेस्ट. भारत ४४१. दुसऱ्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया २ बाद १८९, जोरात. तिसऱ्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. धोनीने आठ जण ऑफला, म्हणजे फलंदाजाच्या समोरच्या बाजूला उभे केले, लेगला, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या बाजूला एकटा. झहीर आणि ईशांत ऑफ स्टंपच्या बाहेर, हात पोचेल न पोचेल अशा लाइनवर टाकत राहिले. सोडला तर धाव नाही, ओढून लेगला मारायला गेला तर बॅटची कड किंवा स्टंप. माझ्या शेजारी एक काटोलचे गृहस्थ डबा घेऊन आलेले. दुपारपर्यंत वैतागून म्हणाले, "याच्यापेक्षा कपाशी वेचली असती तर दोन पैसे तरी भेटले असते." दिवसभरात ऑस्ट्रेलियाने १६६ धावा केल्या आणि ३५५वर सगळे बाद झाले! शेवटी भारत १७२ धावांनी जिंकला, मालिका २-०. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी बरीच नाकं मुरडली. पण मला सांगा, १६६ धावांत आठ विकेट काढणारी चाल बचावात्मक कशी? ऑस्ट्रेलियाला सामना जिंकायलाच हवा होता, ही त्यांची गरज धोनीने ओळखली आणि धावाच बंद केल्या. विकेट आपोआप आल्या.

त्याच मैदानावर त्याच धोनीची दुसरी गोष्ट, डिसेंबर २०१२. इंग्लंड ३३०. मालिकेत भारत १-२ मागे, जिंकणं भाग. चौथ्या दिवशी सकाळी ९ बाद ३२६वर, चार धावा मागे असताना धोनीने डाव सोडला. कागदावर केवढं धाडस! प्रत्यक्षात पिच इतकं मेलेलं की चेंडू बॅटपर्यंत यायला आळस करत होता. ट्रॉट १४३, बेल नाबाद ११६, इंग्लंडने ४ बाद ३५२वर डाव सोडला आणि सामना ड्रॉ. घोषणा धाडसी होती, पण वेळ आधीच निघून गेली होती, तिसऱ्या दिवशी संथ खेळण्यात आणि चौथ्या सकाळीही पुन्हा खेळत राहण्यात.

आणि इथं मी माझ्या मुख्य तक्रारीवर येतो. डाव उशिरा सुटतो तो सुटायच्या क्षणी नाही, त्याच्या दीड-दोन तास आधी. कॅप्टन मनात वेळ ठरवतो आणि खेळणाऱ्या दोघांना सांगतच नाही.

२००३च्या आसपासची गोष्ट. जिल्हा पातळीवरचा दोन दिवसांचा सामना. मैदान म्हणजे काळी माती, मधे पिचवर अंथरलेली चटई म्हणजे मॅटिंग, बाउंडरीच्या पलीकडे तुरीचं उभं पीक. ट्रॅक्टरची ट्रॉली हे आमचं पॅव्हेलियन. कडुनिंबाखाली स्कोअरर, शाळेच्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर स्कोअर लिहिणारा. मी मनात ठरवलेलं, सव्वादोनला डाव सोडायचा. सव्वादोनला आमचा एक नंबरचा फलंदाज ८८वर. बारा धावा, दोन षटकांचा प्रश्न, म्हणून थांबलो. तो एक-एक धाव काढत बसला. त्यात एक चेंडू तुरीत गेला, सगळे मिळून शोधत होतो, पाच-सहा मिनिटं तिथंच. कोणीतरी ट्रॉलीवरून ओरडलं, "काहून थांबून राहिले गा भाऊ, सोडा ना आता!" मी म्हटलं, आता सोडला तर त्याला काय वाटेल. सात षटकांनंतर तो ९६वर कॉट बिहाइंड झाला. संध्याकाळी समोरचे ९ बाद. त्यांचा शेवटचा गडी पंधरा वर्षांचा विकेटकीपर, हेल्मेट डोक्यावर सैल, त्याने अकरा चेंडू खेळून काढले. मला ते अकराही चेंडू आठवतात.

सामना संपल्यावर टपरीवर भजी खाताना त्या ९६वाल्याला विचारलं, बाबा, तू एवढा दबकत का खेळत होता? तो म्हणाला, "मले सांगतलं असतं त दोन चौके हाणून मोकळा झालो असतो ना बाप्पा. मले वाटलं तुमी लंबा डाव खेळून राहिले."

सात षटकं मी माझ्या तोंड न उघडण्याने घालवली. २००४ला मुलतानला राहुल द्रविडने सचिन नाबाद १९४वर असताना ५ बाद ६७५वर डाव सोडला, त्यावर अजूनही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. दुसऱ्या दिवशी तासभर गोलंदाजी मिळावी हा हिशेब होता, आणि भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. षटकांच्या हिशेबाने मी द्रविडच्या बाजूचा. पण वाद त्याचा नव्हताच, वाद आहे तो निरोप केव्हा, किती स्पष्ट गेला याचा. म्हणून शाळेच्या संघाला माझा नियम होता: डाव सोडायच्या किमान बारा षटकं आधी बारावा गडी पाण्याच्या बाटलीसोबत षटकाचा आकडा घेऊन आत जाईल. "भाऊ, ४१व्या ओवरला सोडतो म्हणते सर." मग शतक होवो न होवो, रुसायला जागा नाही. आणि फलंदाज आपोआप वेग वाढवतात, जे तुम्हाला हवंच असतं.

आता एवढं सगळं सांगून झाल्यावर ज्यात माझंही ठाम मत नाही ते सांगतो. लक्ष्य किती मोठं असावं? पूर्वी चौथ्या डावात ३५० म्हणजे सामना संपला असं धरत. १९७६ला पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने ६ बाद २७१वर डाव सोडून भारताला ४०३ दिले आणि आपण ४ बाद ४०६ केल्या, तो चमत्कारच मानला गेला. आता ते चमत्कार राहिले नाहीत. २००८ला चेन्नईला इंग्लंडच्या पीटरसनने ३८७ दिले, चौथ्या संध्याकाळी सेहवागने ६८ चेंडूंत ८३ मारून सामन्याची पाठच मोडली, पाचव्या दिवशी सचिनने नाबाद १०३ करून काम पूर्ण केलं. म्हणून कॅप्टन पन्नास धावा जास्तीच्या बांधून ठेवतात तर ते मला समजतं. समोर सेहवाग किंवा पंत असेल तर मीही बांधेन. नसेल तर ते पन्नास म्हणजे दहा-बारा षटकं फुकट घालवणं. आणि षटकं पुरेशी देऊनही सामना सुटतो. २०२१ला सिडनीला ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन आणि विकेटकीपर टिम पेनने ४०७ दिले, १३१ षटकं हातात होती, आणि विहारी-अश्विन उभे राहिले. भारत ५ बाद ३३४. पेनच्या हातून स्टंपमागे कॅच सुटले. त्याच्या डाव सोडण्यात मला तरी खोट दिसत नाही.

तुमच्या पुढच्या सामन्यासाठी इतकंच करा. त्यांचा पहिला डाव संपला की स्कोअररकडून एका विकेटला किती चेंडू लागले ते काढा. दुसऱ्या डावासाठी पिच थोडं वाईट झालं असेल तर त्यातून चार-पाच चेंडू कमी करा, मॅटिंग असेल तर काही कमी करू नका, मॅटिंग दोन्ही दिवस सारखंच वागतं. दहाने गुणा, सहाने भागा, वर चार षटकं जास्तीची ठेवा. तो आकडा उरला की धावा १४० असोत की १९०, डाव सोडा. १४० फारच कमी वाटल्या तर एक स्लिप काढून कव्हरला लावा, पण षटकं कमी करू नका. गोलंदाजांची नावं कागदावर लिहा. कोणाची जनावरं, कोणाची सहाची एसटी, हे आधीच विचारून घ्या.

आणि मैदानाच्या कडेला तूर आहे असं तुम्हीही लिहिलंय. अंपायरकडे दोन जुने चेंडू आधीच देऊन ठेवा, एक साधारण वीस षटकं खेळलेला, एक चाळीस. चेंडू तुरीत गेला की पोरांना शोधायला पाठवा, पण खेळ लगेच दुसऱ्या चेंडूने सुरू करा. आमची त्या दिवशीची पाच-सहा मिनिटं तिथं गेली होती.